मंद प्रकाशातील छायाचित्रण : पौर्णिमेच्या फेरीवरून घेतलेला पाठ

ही स्मरणिका सिद्ध होऊ लागली तेव्हा संपादक मंडळाने आमच्याकडे एकच छायाचित्र मागितले. ते होते वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे राबलेल्या मावशींचे. मावशी गेल्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या हातची भाकरी न खाल्लेला माजी विद्यार्थी आपल्या शाळेत शोधूनही सापडणार नाही; तेव्हा त्यांचे छायाचित्र सहज मिळेल अशी सर्वांची समजूत होती. आमचीही होती.

आम्ही म्हणजे शाळेच्या समारंभांची छायाचित्रे काढणारे चार-पाच माजी विद्यार्थी आणि विज्ञानाच्या बाई. गेल्या बारा वर्षांची छायाचित्रे आम्ही संगणकावर जपून ठेवली आहेत. ती सगळी चाळली. मावशी दिसल्या अवघ्या अकरांत. कारण उघड होते. दिवसाचे समारंभ चालत तेव्हा मावशी पाहुण्यांच्या जेवणात गुंतलेल्या असत. स्वयंपाकघर सोडून त्या बाहेर येत ते वर्षातून एकदाच, वैशाख पौर्णिमेच्या संध्याकाळी, मेणबत्ती हातात घेऊन फेरीत चालायला. म्हणजे आमच्याजवळचे त्यांचे प्रत्येक छायाचित्र उघड्यावरचे, तिन्हीसांजेनंतरचे आणि मेणबत्तीच्या उजेडातले होते. त्या अकरापैकी चारांत फ्लॅशने त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला आहे. पाचांत चेहरा हलला आहे. एकात मागच्या कुंपणाचा खांब अगदी रेखीव आणि मावशी धूसर. उरलेल्या एकात त्या पाठमोऱ्या आहेत.

कॅमेरा बरा होता, माणूस समोर होता, आणि तरीही छायाचित्र नाही. दोष आमचाच होता. कॅमेऱ्याची चकती आम्ही बारा वर्षे ‘ऑटो’ वर ठेवली होती. मावशी गेल्यानंतर आम्ही दर शनिवारी संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांसाठी एक वर्ग सुरू केला. त्यात त्यांच्याबरोबर आम्हीही शिकलो. पुढील पाठ त्या वर्गातला आहे. घरोघरी आज कॅमेरा किंवा कॅमेऱ्याचा फोन आहे, त्यामुळे तो पालकांच्याही उपयोगी पडावा.

कॅमेरा आपण होऊन काय करतो

कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर काय आहे हे कळत नाही. समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी यावी एवढीच त्याची खटपट असते. भर दुपारी हे बरे जमते. पण फेरीच्या वेळी चौकटीचा पाऊण भाग काळ्या आकाशाने व्यापलेला असतो. मापक म्हणतो, फार अंधार आहे. आणि तो अंधार करडा होईपर्यंत शटर उघडे ठेवतो. पाव सेकंद, कधी अर्धा सेकंद. तेवढ्यात चालणारा माणूस एक पाऊल पुढे गेलेला असतो. शटर लांबवायचे नसेल तर कॅमेरा फ्लॅश उडवतो. मग मेणबत्तीचा पिवळसर उजेड पुसला जातो आणि फेरी एखाद्या दुकानाच्या उद्घाटनासारखी दिसू लागते. याच्या उलट, शुभ्र वस्त्रे घातलेल्या उपासक-उपासिकांनी चौकट भरून गेली की मापक फसतो तो दुसऱ्या बाजूला : पांढरे त्याला जास्त वाटते, म्हणून तो सगळेच काळवंडून टाकतो.

दोन्ही वेळी कॅमेरा आपले काम चोख करत असतो. संध्याकाळ संध्याकाळच दिसावी, आणि तरीही त्यात चेहरा ओळखू यावा, ही आपली इच्छा त्याला सांगितलेलीच नसते. ‘मॅन्युअल’ म्हणजे ती इच्छा आकड्यांत सांगणे. चकतीवरील ‘एम’ या अक्षराची मुलांना उगाच भीती वाटते. त्यामागे तीन आकड्यांपलीकडे काही नाही.

प्रकाश किती कमी असतो

डोळा अंधाराला सरावतो, म्हणून हा कमीपणा आपल्या ध्यानात येत नाही. छायाचित्रणात प्रकाशाची मोजणी ‘स्टॉप’ने होते. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा. भर उन्हातील अंगण आणि मेणबत्तीजवळ धरलेला चेहरा यांत साधारण अकरा स्टॉपचे अंतर पडते. वर्गात आम्ही हे फळ्यावर दुपटीने लिहायला लावले : दोन, चार, आठ, सोळा… अकराव्या घराला २०४८ येतात. मेणबत्तीजवळच्या चेहऱ्यावर दुपारच्या उन्हाच्या दोन हजाराव्या हिश्श्याइतका प्रकाश असतो हे फळ्यावर पाहिल्यावर, ‘बाई, मग फोटो येतो तरी कसा?’ असा प्रश्न मुलांनीच विचारला. पाठ खरा तिथून सुरू झाला.

आपल्या भागात नळाचे पाणी कमी दाबाने येते तेव्हा हंडा कसा भरायचा हे कोणाला शिकवावे लागत नाही. तोटी पूर्ण उघडायची, नाहीतर हंडा जास्त वेळ धरायचा. संध्याकाळचा प्रकाश असाच कमी दाबाचा. तोटी म्हणजे लेन्समधील छिद्र, ॲपर्चर. हंडा धरण्याची वेळ म्हणजे शटर. तिसरा आकडा आयएसओ. तो मात्र पाण्याच्या उपमेत बसत नाही. आयएसओ वाढवल्याने प्रकाश वाढत नाही, आलेला संदेश तेवढा मोठा केला जातो. सभेतील ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला की वक्त्याबरोबर यंत्राची गुणगुणही वाढते, तसे आयएसओ वाढवला की चित्राबरोबर दाणेही वाढतात.

ॲपर्चरच्या आकड्याने पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण तो उलटा चालतो. एफ/२ चे छिद्र मोठे, एफ/८ चे लहान. हा आकडा म्हणजे एक भागाकार आहे : लेन्सचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटर रुंदीचे छिद्र, एफ/८ म्हणजे सहा मिलिमीटरहून थोडे अधिक. क्रम असा : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११. प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

कोणता आकडा आधी ठरवायचा

येथे आमचे मत ठाम आहे. पुष्कळ पुस्तके ॲपर्चरपासून आरंभ करतात. माणसांचे, उघड्यावरचे, मंद प्रकाशातले छायाचित्र असेल तर आरंभ शटरपासून करावा. कारण हललेला चेहरा नंतर कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. दाणे संगणकावर पुष्कळसे कमी होतात, आणि स्मरणिकेच्या पानावर छापल्यावर ते फारसे दिसतही नाहीत. आमच्या अकरांपैकी पाच छायाचित्रे गेली ती दाण्यांना भिऊन. आयएसओ आठशेच्या पुढे नेऊ नये असे कोणीतरी कधीतरी सांगितले होते आणि आम्ही ते बारा वर्षे पाळले.

म्हणून आधी पाहायचे की समोरचा माणूस किती हलतो आहे. फेरीत सावकाश चालणाऱ्यांना १/६० सेकंद साधारण पुरतो, ते आडवे न जाता आपल्याकडे येत असतील तर अधिक खात्रीने. झपझप चालणारी किंवा हात हलवणारी मुले असतील तर १/१२५ हवा. वंदनेला उभ्या राहिलेल्या मंडळींना १/३० चालतो. ध्यानाला बसलेली माणसे म्हणजे मंद प्रकाशातील सर्वांत उत्तम विषय; कॅमेरा भिंतीला टेकवला तर १/८ सुद्धा निभतो. पाचवीच्या मुलांच्या ध्यानाला मात्र १/६०.

मग ॲपर्चर लेन्सला झेपेल तितके उघडायचे. उरलेली तूट आयएसओने भरायची. झाले.

एक हिशेब पुरा करून दाखवतो. मेणबत्ती छातीशी धरलेला चेहरा आयएसओ १०० आणि एफ/२ ला साधारण १/४ सेकंद मागतो. आपल्याला हवा १/६०. १/४, १/८, १/१५, १/३०, १/६० : चार पायऱ्या कमी पडल्या. आयएसओ चार पायऱ्या चढवायचा : १००, २००, ४००, ८००, १६००. म्हणजे एफ/२, १/६० आणि १६००. आता कॅमेऱ्याबरोबर मिळालेली साधी झूम लेन्स लावली तर लांब टोकाला ती एफ/५.६ पलीकडे उघडतच नाही. एफ/२ पासून ती तीन पायऱ्या मागे. त्याच १६०० वर शटर १/८ होते, आणि चेहरा हलतो. ६४०० वर नेले तरी १/३०. आमच्या जुन्या छायाचित्रांचे सगळे अपयश या दोन ओळींत आहे. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने शाळेला ५० मिलिमीटर, एफ/१.८ ची एक लेन्स भेट दिली. कॅमेऱ्याच्या लेन्सांत ती स्वस्तातली समजली जाते. महागड्या नव्या कॅमेऱ्यापेक्षा तिने आमचे काम अधिक सोपे केले.

मुलांना हे आकडे तोंडपाठ करायला आम्ही सांगितले नाही. प्रत्येक छापील प्रतीच्या मागे शिसपेन्सिलीने तीन आकडे लिहायचे एवढाच नियम. महिन्याभरात नववीची मुले फेरीची जुनी छायाचित्रे पाहून, ‘हा १/१५ असणार’ असे अंदाज बांधू लागली, आणि संगणकात पडताळले तर बहुधा बरोबर निघू लागले.

चित्र बिघडले तर कसे ओळखावे

एकदा एका मुलीने मावशींचे एक धूसर छायाचित्र समोर धरून विचारले, ‘ताई, यात मावशी हलल्या, की कॅमेरा हलला?’ याहून चांगला प्रश्न वर्गात कोणी विचारला नाही. उत्तर चित्रातच असते. सगळेच धूसर असेल, आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने ओढले गेले असतील, तर कॅमेरा हलला. भिंत, खांब, रस्ता स्वच्छ आणि फक्त माणूस पुसट, पण त्याच्या पायाखालची जमीन रेखीव, तर माणूस हलला. आणि माणसाच्या मागचा खांब रेखीव, माणूस व त्याच्या पायाजवळची जमीनही मऊ, तर कोणीच हलले नाही, फोकस चुकला. तीन दोषांचे तीन वेगळे उपाय. कॅमेरा हलत असेल तर टेकू द्या. माणूस हलत असेल तर शटर जलद करा. ट्रायपॉड येथे काहीच कामाचा नाही, हे नवशिक्यांना पटवताना फार वेळ जातो. फोकस चुकत असेल तर पुढचा परिच्छेद वाचा.

अंधारात कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चाचपडतो. उजेड-अंधाराची ठळक रेघ सापडली तरच तो थांबतो. म्हणून चेहऱ्याच्या मधोमध न नेमता मेणबत्तीच्या उजेडाने उजळलेली गालाची कड, चश्म्याची दांडी, पदराचा काठ नेमावा. तरीही जमेना तर फेरी येण्याआधी रस्त्यावर एक जागा ठरवावी, तेथे मित्राला उभे करून बॅटरीच्या उजेडात फोकस साधावा, मग लेन्सवरील कळ ‘एम’ कडे सरकवावी आणि फेरी त्या जागी येईपर्यंत अंतराला हात लावू नये. आम्ही खडूची एक रेघ ओढतो. रेघेवर पाऊल पडले की बटण दाबायचे. ही काटेकोरी लागते, कारण उघडे छिद्र मागे-पुढे फार थोडी जागा स्वच्छ ठेवते : आमच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर असेल तर जेमतेम अकरा सेंटिमीटर. नाक स्वच्छ आणि कान धूसर, असे होते. चार जणांची रांग हवी असेल तर एफ/४ वर यावे आणि आयएसओ दोन पायऱ्या चढवावा.

सावकाश वंदना चालू असताना कॅमेऱ्याचा फोकससाठी उडणारा नारिंगी दिवाही बंद करून ठेवावा. भन्तेंच्या डोळ्यांत तो थेट जातो.

रंगाविषयी थोडे. ‘ऑटो’ व्हाईट बॅलन्स मेणबत्तीचा पिवळा दोष समजून तो काढू पाहतो, आणि चीवराचा केशरी-तपकिरी रंग मातकट होतो. आम्ही तो हाताने ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवतो. उजेड उबदार राहतो आणि चेहरे नारिंगी होत नाहीत. रस्त्यावरच्या दिव्यांखाली आणखी एक अडचण येते. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, म्हणून पुष्कळ एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला कळत नाही, पण जलद शटरमध्ये चित्रावर आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे नाहीसे होतात. परदेशी पुस्तकांत १/६० आणि १/१२० सांगितलेले आढळते. ते साठ आवर्तनांच्या देशांसाठी.

फोनवाल्यांसाठी

पालक सभेत सर्वाधिक प्रश्न फोनचे आले. बहुतेक फोनचे छिद्र कायमचे एकाच मापाचे असते, त्यामुळे तीनऐवजी दोनच आकडे हाती राहतात. ‘प्रो’ नावाची सोय असेल तर शटर १/६० वर आणि आयएसओ ८०० ते १६०० ठेवून पाहावे. ‘नाइट’ नावाची सोय एकामागून एक अनेक चित्रे घेऊन ती एकमेकांवर बसवते. तळे, डोंगर, इमारत यांना ती उत्तम, चालत्या फेरीला मात्र भुताटकीसारखी माणसे देते. झूम करू नये. दोन पावले पुढे जावे. आणि लेन्स रुमालाने पुसावी. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचे तेल असतेच, आणि प्रत्येक ज्योतीभोवती दिसणारे धुके पुष्कळदा त्याचेच असते.

मागच्या पिढीला हे सगळे परीकथेसारखे वाटेल. आमच्या पालकांपैकी काहींच्या घरी ॲग्फाचा ‘क्लिक थ्री’ होता. एका रिळात बारा फोटो, आणि निवड करायची ती ऊन की ढग एवढीच. रात्रीची खूण त्यावर नव्हतीच. दिवेलागणीनंतर कॅमेरा पेटीत जायचा.

स्थिर दृश्ये : तळे आणि सोपारा

माणसे नसतील तेव्हा सगळे नियम उलटे होतात. शटर कितीही लांबवता येते, म्हणून आयएसओ १०० वर आणावा, छिद्र एफ/८ करावे आणि कॅमेरा पक्का टेकवावा. मनवेलपाड्याच्या तळ्याकाठी आमचे पहिले चार शनिवार गेले. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आकाश अजून गडद निळे असते आणि इमारतींचे दिवे लागलेले असतात. त्या वेळी एफ/८, आयएसओ १०० आणि चार सेकंद यांच्या आसपास आकाश आणि दिवे यांचा मेळ बसतो. आपल्या अक्षांशावर ही वेळ फार थोडी टिकते. सूर्यास्तापासून अंधार दाटेपर्यंत पंचवीस मिनिटेही मिळत नाहीत, आणि दर काही मिनिटांनी प्रकाश निम्मा होतो. एकदा ठरवलेले आकडे तसेच ठेवून बसलेल्या मुलाची शेवटची चित्रे काळी निघाली. मॅन्युअलमध्ये कॅमेरा आपल्या पाठीशी नसतो, हे त्याला त्या दिवशी कळले. पडद्यावरच्या चित्रावर विसंबू नये हेही. अंधारात तो पडदा झगझगीत वाटतो आणि घरी आल्यावर चित्र अंधारलेले निघते. हिस्टोग्राम नावाचा आलेख पाहावा. रात्रीच्या चित्रात त्याचा डोंगर डावीकडे झुकलेला असणारच. तो ओढून मध्ये आणला तर संध्याकाळ गेली.

ट्रायपॉड नसेल तर पाव इंची बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणावा. कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या आट्यांत तो बसतो. त्याला दोरी बांधून दोरीचे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ताणून धरावा. चार सेकंदांना हे पुरत नाही, पण १/१५ निभावून नेते. तळ्याच्या कठड्यावर तांदळाची पुरचुंडी ठेवून तिच्यावर कॅमेरा बसवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला तर चार सेकंदही निभतात. मावशींच्या कोठीतली ती पुरचुंडी आता कॅमेऱ्याच्या पिशवीतच राहते.

थंडीत एकदा मुलांना घेऊन आम्ही रेल्वेच्या पलीकडे नालासोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो. लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, त्या टेकाडात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले आणि दगडी पेटीत ठेवलेले अवशेष व आठ लहान बुद्धमूर्ती उजेडात आणल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच मिळाला. मुलांना हे पुस्तकातून ठाऊक होते. संरक्षित स्मारकावर ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून दोरी आणि बोल्टच घेऊन गेलो. सूर्य मावळण्याआधीच्या अर्ध्या तासात तिरप्या उजेडाने विटांच्या प्रत्येक थराखाली सावलीची रेघ पडते. दुपारी सपाट ढिगासारखा दिसणारा स्तूप तेव्हा थर न् थर मोजता यावा असा दिसतो. एफ/८, १/६०, आयएसओ ४००, आणि उजेड उतरेल तसा आयएसओ वर.

परतताना लोकलमध्ये अजिंठ्याची गोष्ट निघाली. तेथील चित्रांच्या नकला रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे हाताने केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. अलीकडे १९९० च्या दशकाच्या आरंभी बिनॉय बहल यांनी तीच चित्रे प्रखर दिव्यांवाचून, अगदी मंद प्रकाशात, शटर दीर्घकाळ उघडे ठेवून टिपली, आणि भिंतींचे रंग जगाला नव्याने दिसले. लेण्यात फ्लॅश चालत नाही. भिंत हलत नाही, एवढीच त्या कामातली सवलत. बाकी सगळी चिकाटी.

या वर्षीची फेरी

वैशाखातला पूर्ण चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास, पूर्वेपेक्षा थोडा दक्षिणेकडे, म्हणजे आपल्याकडून पाहता तुंगारेश्वराच्या बाजूला उगवतो. चंद्र आणि फेरी एकाच चौकटीत घ्यायची असेल तर तीच वेळ; आकाश पुरते काळे झाले की चंद्र उन्हातल्या दगडासारखा प्रखर ठरतो आणि चित्रात पांढरे भोक उरते. आमचा एक जण त्यासाठी गच्चीवर गेला आणि ढग आल्यामुळे हात हलवत परतला.

खाली खडूच्या रेघेजवळ नववीतली ती प्रश्न विचारणारी मुलगी उभी होती. स्वयंपाकघरात आता काम पाहणाऱ्या ताई मेणबत्ती घेऊन रेघेवर आल्या तेव्हा तिने तीन वेळा बटण दाबले. पहिल्यात डोळे मिटलेले, तिसऱ्यात मध्ये कोणाचा तरी खांदा. दुसरे या लेखासोबत छापले आहे. ज्योत पांढरी फटक आली आहे, आकाशात दाणे आहेत, उजवा कान धूसर आहे. ताईंचे डोळे स्वच्छ आहेत. प्रतीच्या मागे शिसपेन्सिलीने लिहिले आहे : २, १/६०, १६००.

मावशींसाठी संपादक मंडळाने अखेर पाठमोरे छायाचित्रच निवडले. मावशी त्या वेळी उभ्या होत्या, म्हणून अकरांत तेवढेच स्थिर आहे. अंबाडा, पांढऱ्या साडीची कड, आणि समोरच्या मेणबत्तीने उजळलेली गालाची एक रेघ. ज्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या हातचे जेवले त्यांना ओळख पटेल, पण ज्यांनी त्यांना पाहिले नाही त्यांना चेहरा दिसणार नाही. तेव्हा एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी, जुन्या अल्बमात, निरोप समारंभाच्या गटचित्राच्या कडेला, फोनच्या कोपऱ्यात, मावशींचा समोरून काढलेला फोटो असेल तर तो शाळेत आणून द्यावा. निगेटिव्ह असेल तर तीही आणावी. आम्ही तिची प्रत करून मूळ परत देऊ. हललेला असला तरी चालेल.